तिची तीन बोटं

"मग सुईनं प्रतिकारशक्ती वाढते की नाही? एका शब्दात सांगा, सिस्टर."

"माहीत नाही."

"हे दोन झाले."

एस्तेरबाई उजागरे कापसाचे बोळे वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि त्यांना हसूही आलं नाही.

"पन्नास वर्षं सुया लावताय, आणि माहीत नाही?"

"पन्नास वर्षं लावतेय म्हणून माहीत नाही. दोनच वर्षं लावल्या असत्या तर पक्कं माहीत असतं."

टोला बरोबर लागला. डॉक्टर उदयन टेंबे चीनमध्ये दोन वर्षं राहून ॲक्युपंक्चर शिकून आला होता, आणि ही दोन वर्षं तो कुणाला विसरू देत नसे. शहरात त्याचा गार हवेचा दवाखाना होता. भिंतीवर सर्टिफिकेटं होती. पण एस्तेरबाईंनी लावलेली सुई रोग्याला कळत नसे, आणि त्याची कळायची. तो हात त्याला हवा होता. त्यासाठी गेलं दीड वर्ष तो आठवड्यातून दोन दिवस इथं येई, आणि आला की आधी कापूस वळायला बसे.

इथं म्हणजे कॅन्सरच्या दवाखान्यामागच्या धर्मशाळेत. दोन खाटा, एक स्टूल, एक खिडकी, एवढीच खोली. खेड्यापाड्यांतून सलाईनला नाहीतर शेकाला आलेली माणसं धर्मशाळेत उतरत. केमोला ती सगळी सलाईनच म्हणत आणि रेडिएशनला शेक. एस्तेरबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली सुया शिकल्या, आणि रिटायर झाल्यावर इथं येऊन बसल्या.

मळमळ, ओकारी, शेकानं कोरडं पडलेलं तोंड, सांध्यांची ठणक. एवढ्यावरच त्या सुई लावत. मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि रक्ताचा ताजा रिपोर्ट असल्याशिवाय कुणाला खाटेवर निजू देत नसत. रिपोर्टात पांढऱ्या पेशी कमी दिसल्या की सुई बंद. मग त्या नुसत्या अंगठ्यानं रोग्याचं मनगट दाबून धरत, अर्धा अर्धा तास.

उदयनला ते पटत नसे. पेशी कमी, म्हणजे शक्ती कमी. मग सुईची खरी गरज तर तेव्हाच!

"शक्ती वाढते असं तू म्हणतोस," त्या म्हणायच्या. "सुईच्या भोकातून जंतू आत गेलेला मी पाहिलाय."

येत्या रविवारी उदयनचं भाषण होतं. विषय, सुई आणि प्रतिकारशक्ती. सिस्टरच्या तोंडचं एक वाक्य त्यात घालायचं त्याच्या मनात होतं.

"मळमळ थांबते, हे सांग," त्या म्हणाल्या. "ते मी बघितलंय."

"त्याला टाळ्या कोण वाजवणार, सिस्टर?"

तेवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या.

केवळा चौगुले आणि तिचा नवरा तातोबा, दोघं जतकडचे. केवळा पंचेचाळिशीची. गेल्या साली तिच्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा सलाईन सांगितली. पहिल्या दोन्ही वेळेला ओकून ओकून बाई निम्मी झाली होती. पाण्याचा घोट ठरत नव्हता. तिसऱ्याच्या दिवशी उदयननं तिच्या उजव्या मनगटाला सुई लावली, आणि संध्याकाळी तिनं दुधात भाकरी कुस्करून खाल्ली.

ही हकिकत उदयन प्रत्येक भाषणात सांगत असे. खोटी नव्हतीच ती.

ते झालं दसऱ्याच्या आधी. त्यानंतर केवळा आली नाही. ओकारी थांबली, मग सुईला कशाला येईल, असं उदयननं धरलं. पुढची सलाईन गावाजवळच कुठंतरी घेत असेल, असं एस्तेरबाईंनी धरलं.

आता गुढीपाडवा होऊन गेला होता.

तातोबानं उदयनच्या हातात एक डबा ठेवला. घरच्या बागेतले बेदाणे होते. केवळा कमरेवर हात ठेवून बेतानं खाटेच्या कडेला टेकली, आणि टेकल्या टेकल्या तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"बघा की सिस्टरबाई. केस आलं."

बोटभर केस होते. काळेभोर, मऊ, आणि कुरळे. लग्नाआधीसुद्धा माझे केस असे नव्हते, असं ती सांगत होती. तातोबा म्हणाला, आता ही आरशापुढनं हलत नाही आणि म्हशीची धार मला काढावी लागते. केवळानं त्याला कोपर मारलं.

उदयन मनमोकळा हसला.

एस्तेरबाईंचा कापूस वळणारा हात थांबला. त्या उठल्या आणि केवळाच्या केसांत त्यांनी बोटं घातली, लेकराच्या केसांत घालावीत तशी. उदयनला वाटलं, माया करतायत.

त्या केसांवरून महिने मोजत होत्या.

"शेवटचं सलाईन कधी घेतलंस, केवळा?"

"तवाच की. डॉक्टरांनी सुई लावली तवा."

"ते तिसरं."

"हां. तिसरं."

"सांगितली होती सहा."

"सहा सांगितलेली."

पुढं तातोबानंच सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज चांगला ताठ होता. त्यांनी काही उगाच सोडून दिलं नव्हतं. घरात चौघं बसून विचार केला होता. सलाईननं अंगातली शक्ती घटते आणि सुईनं वाढते, हे डॉक्टरांनीच कागदावर चित्र काढून समजावलेलं. मग एकीकडनं घटवत बसायचं आणि दुसरीकडनं वाढवत बसायचं, हे कुणी सांगितलंय? थोरला भाऊ तर आधीपासूनच सलाईनच्या विरुद्ध होता. शिवाय केवळानं स्वतः डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, की ह्या सुईनं मला बरं वाटंल का.

"तर डॉक्टर म्हणाले," केवळा म्हणाली, "'वाटेल काय? बरी व्हाल.'"

तिनं ते उदयनच्या आवाजात म्हटलं, मान त्याच्यासारखी किंचित तिरकी करून. पाठच होतं तिला.

उदयनला आठवलं. तो सगळ्यांनाच तसं म्हणत असे. म्हटलं की रोग्याचा चेहरा उजळायचा, आणि तो उजळलेला चेहरा बघायला उदयनला फार आवडायचं.

केवळा आता आली होती ती पाठीसाठी. तीन आठवडे पाठ दुखत होती. उताणं निजता येत नव्हतं, आणि पायाला मुंग्या येत होत्या. गावातला एकजण वात म्हणाला. तिनं ठरवलं, आपल्या डॉक्टरांच्याच हातची सुई घ्यावी.

उदयनचा हात सवयीनं सुयांच्या ट्रेकडं गेला.

एस्तेरबाईंनी ट्रेवर आपला पंजा ठेवला. ट्रे खुळखुळला.

"पाठीला नाही."

त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली आणि तातोबाकडं दिली. आत्ताच्या आत्ता, जेवायलासुद्धा थांबायचं नाही, असं बजावलं. केवळानं विचारलं, कशापायी? मी तर बरी झालेय.

"मळमळ गेली होती तुझी, केवळा. दुखणं नव्हतं गेलं."

केवळानं उदयनकडं पाहिलं. ह्या म्हातारीचं बोलणं आपले डॉक्टर आता खोडून काढतील, म्हणून ती वाट बघत होती.

उदयन हातातल्या डब्याकडं बघत राहिला.

तिनं पदर पुन्हा डोक्यावर ओढून घेतला. तातोबानं तिला काखेत हात घालून उठवलं.

…

ती दोघं गेल्यावर एस्तेरबाई पुन्हा कापूस वळायला बसल्या. शेवटी उदयनच्यानं राहवेना.

"मी खोटं बोललो नाही, सिस्टर."

"नाही."

"मळमळीवर सुई लावत होतो. 'बरी व्हाल' म्हणालो तेही मळमळीचंच. सलाईन बंद करा असं माझ्या तोंडून एकदा जरी गेलं असेल ना..."

"नाही गेलं."

"मग? तिनं भलताच अर्थ घेतला, त्याला मी काय करणार?"

एस्तेरबाईंनी आपला उजवा हात त्याच्यापुढं केला, मनगट वर करून.

"मळमळीची जागा दाखव."

ही इथली पहिल्या दिवसाची शिकवणी होती. उदयनला राग आला, पण त्यानं त्यांचा डावा हात उचलला, त्या हाताची तीन बोटं जुळवली आणि त्यांच्याच उजव्या मनगटावर, घडीच्या वर आडवी ठेवली. तीन बोटं संपतात तिथं, दोन दोऱ्यांसारख्या शिरांच्या मध्ये.

"ही."

"माझी बोटं कशाला घेतलीस? तुझी होती की."

"रोग्याच्याच बोटांनी मोजायचं असतं. माझी जाड आहेत. जागा चुकते."

"कितीशी चुकते?"

"असेल अर्धं बोट."

"अर्ध्या बोटाला एवढा जपतोस." त्यांनी हात तसाच पुढं ठेवला होता. "सुई तिच्या बोटांनी मोजलीस… शब्द कुणाच्या बोटांनी मोजलास?"

उत्तर सुचलं नाही की शिकलेल्या माणसाला राग येतो, तसा उदयनला आला.

"तुम्ही त्या दिवशी इथंच होतात. त्या दुसऱ्या खाटेपाशी."

"होते."

"म्हणजे ऐकलं असेल."

"ऐकलं."

"मग तेव्हाच का नाही हटकलंत मला?"

एस्तेरबाईंनी हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

"मलाही ऐकून बरं वाटलं."

…

केवळाला त्याच दिवशी दवाखान्यात ठेवून घेतलं. फोटो, सुईनं काढलेला तुकडा, रक्त, असं सगळं सुरू झालं.

रविवारचं भाषण उदयननं रद्द केलं. तब्येतीचं कारण कळवलं, असं त्यानं एस्तेरबाईंना सांगितलं.

"कुणाच्या तब्येतीचं?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी दुसरं विचारलं. आणखी किती जणींना असं म्हणाला होतास?

उदयन शहरात आपल्या दवाखान्यात जाऊन बसला आणि त्यानं एकेक नाव शोधून काढलं. दीड वर्षात सलाईन चालू असताना त्याच्याकडून सुई घेतलेल्या चौदा बायका निघाल्या. केवळा सोडून तेरा. त्यानं एकेकीला फोन लावला. जीव मुठीत धरून विचारलं, सलाईन वेळेवर घेतलं ना? मधेच सोडलं नाही ना?

तेराच्या तेरा जणींनी घेतलं होतं.

एक मास्तरीण तर हसायलाच लागली. म्हणाली, न घेऊन कसं चालेल, डॉक्टर? तुम्ही बोलायला फार गोड आहात, पण तुमची सुई म्हणजे काय कॅन्सरवरचं औषध आहे का? दुसरीनं सांगितलं, डॉक्टर लोक धीर द्यायला काहीबाही बोलतात, तेवढं कळतं आम्हाला.

फोन ठेवल्यावर उदयनला आधी हायसं वाटलं. मग हळूहळू दुसरंच काहीतरी वाटू लागलं. तेरा जणींनी त्याच्या बोलण्याला काडीची किंमत दिली नव्हती, म्हणून त्या निभावल्या. त्याचा शब्द अख्खा खरा मानणारी एकच निघाली होती.

बुधवारी तातोबा खोलीवर आला. एस्तेरबाईंनी स्टूल पुढं केलं, पण तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगितलं. रोग मणक्यात उतरलाय. लिव्हरलाही लागलाय. आता मुळासकट निघायचा नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. दाबून ठेवता येईल, पण किती दिवस ते त्यांनाही सांगता येत नाही. पाठीला शेक देणार, आणि सलाईन पुन्हा सुरू करणार.

त्यानं कुणाला बोल लावला नाही. लावला असता तर उदयनला सोपं गेलं असतं. फक्त जाता जाता तो दारात थांबला आणि म्हणाला, "ती तुमची वाट बघती, डॉक्टर. म्हणती, डॉक्टर आले की समदं नीट सांगतील."

तातोबा गेला.

"जा," एस्तेरबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"तुला ठाऊक आहे."

"एवढी आजारी असताना? आता सांगून तिचा काय फायदा?"

एस्तेरबाईंनी कापसाचा एक बोळा उचलला, नीट वळला आणि बरणीत टाकला. मग दुसरा उचलला. उदयन दारापर्यंत गेला, परत आला, पाणी प्याला आणि पुन्हा गेला.

दवाखाना अंगणापलीकडं होता. चालत चार मिनिटं. त्याला परतायला दोन तास लागले.

तो आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. एस्तेरबाई एका म्हाताऱ्याच्या गालाच्या सुया काढत होत्या. म्हातारा उठून गेल्यावर त्यांनी विचारलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

सगळं सांगितलं होतं त्यानं. सुई फक्त ओकारीपुरती होती. शक्ती वाढते म्हणालो ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. उरलेली तीन सलाईन घ्यायलाच हवी होती, आणि हे मी तेव्हाच, त्याच खाटेवर बजावून सांगायला हवं होतं. तुमच्या ऐकण्यात चूक नव्हती, माझ्या बोलण्यात होती. हे सगळं तो तिच्या खाटेशी उभा राहून बोलला. शेजारच्या खाटांवरच्या बायका ऐकत होत्या, तरी बोलला.

"रडली?"

"नाही."

"मग?"

खिडकीबाहेर धर्मशाळेतली एक बाई राखेनं भांडी घासत होती.

"'मग तवाच सांगायचं हुतं की, डॉक्टर,'" तो शेवटी म्हणाला. "'ओकले असते… आनि काय.'"

एस्तेरबाईंनी डोळे मिटून घेतले.

उदयननं पुढचं बोलणं दवाखान्यातून येतानाच ठरवून आणलं होतं. आजपासून सुईला हात लावणार नाही. शहरातला दवाखानाही बंद करणार. हे ठरलं तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला थोडं हलकं वाटलं होतं. एस्तेरबाई आपल्याला अडवतील, असं त्याला वाटत होतं. नाहीतर निदान पाठीवरून हात तरी फिरवतील.

त्यानं ते बोलून दाखवलं. एस्तेरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. अडवलं नाही. पाठीवरून हातही फिरवला नाही.

"ज्या सुईनं तिचा घात झाला," उदयन म्हणाला, "ती सुई घेऊन मी आता तिच्यापुढं कुठल्या तोंडानं उभा राहू? तिच्या हाताला हात कसा लावू, सिस्टर? तुम्हीच सांगा."

एस्तेरबाईंनी पदराला हात पुसले.

"सोमवारी तिचं सलाईन आहे," त्या म्हणाल्या. "नऊला लावतील… अकराच्या सुमाराला मळमळायला लागेल तिला."